घाईचा चिरूट

मला बघायला पाहुणे आले, तेव्हा मी जळत होतो. हे अलंकारिक बोलणं नाही. माणसं प्रेमात जळतात, विरहात जळतात, शेजाऱ्याच्या बढतीनं जळतात. मी कोटाच्या उजव्या खिशात जळत होतो. खिशात चिरूट होता, चिरूट पेटलेला होता, आणि मी डोकं झाकून, डोळे मिटून, होऊ घातलेल्या सासऱ्यांच्या शेजारी प्रार्थना म्हणत उभा होतो. इतक्या मनापासून मी देवाला त्याआधी हाक मारली नव्हती, आणि खरं सांगायचं तर नंतरही नाही.

चिरूट माझा नव्हता. माझ्या वडिलांचा होता. त्यामुळे आधी त्यांच्याविषयी सांगायला हवं.

आम्ही पनवेलचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. बाबा मीठ खात्यात होते. पनवेलपासून उरणपर्यंतची मिठागरं त्यांनी तीस वर्षं पायी तुडवली. चिरूट ओढायला त्यांना एका मद्रासी साहेबानं शिकवलं. (साहेब बदलून गेला, चिरूट राहिला.) बाबांचे चिरूट दोन जातींचे. एक वीतभर लांब. तो रविवारी दुपारी, जेवणानंतर. तो संपायला तास लागे. तेवढ्यात बाबा पेपर वाचत, डुलकी काढत, आईशी एखादं जुनं भांडण पुन्हा काढत, आणि मधेच तो विझला की पुन्हा पेटवत. दुसरा करंगळीएवढा. खाडीवर मचवा सुटायला दहा मिनिटं असली, वरचा साहेब यायला पाव तास असला, की हा छोटा. आमच्या घरात त्याला नावच पडलं होतं, ‘घाईचा’.

निवृत्त झाल्यावर बाबांना कसलीच घाई उरली नाही. फक्त शुक्रवारची उरली.

शुक्रवारी सूर्य बुडायच्या आत आई शब्बाथचा, म्हणजे आमच्या विसाव्याच्या दिवसाचा, दिवा लावी. छताला टांगलेली काचेची हंडी, तिच्यात पाणी, पाण्यावर खोबरेल आणि त्यात वात. हा दिवा एकदा लागला की शनिवारी संध्याकाळी आकाशात चांदण्या दिसेपर्यंत घरात आग पेटवायची नाही आणि विझवायचीही नाही. म्हणजे चूल नाही, आणि अर्थातच चिरूट नाही. बाबा शुक्रवारी बाजार करत, मासळी आणत, आंघोळ करत, धुतलेला सदरा-पायजमा घालून ओट्यावर येऊन बसत. आणि मग दिवा लागायला जेमतेम पाव तास उरे. त्या पाव तासात घाईचा. ऊन खाडीकडे उतरलेलं असे. आई आतून विचारी, “अहो, लावू का दिवा?” बाबा म्हणत, “लावशील गं. अजून सूर्य आहे.” तीनदा विचारून झालं की ते चिरूट विझवत, हात-तोंड धुवत आणि आत येत.

माझ्या एक लक्षात आलं होतं. रविवारच्या लांब चिरुटाकडे बाबांचं फारसं लक्षच नसे. घाईचा मात्र ते असा ओढत, की तेवढा वेळ त्यांच्याशी कुणी बोलू नये. हातात वेळ थोडा असला की माणूस वेळेकडे बघतो, असं काहीसं त्यांनी मला एकदा सांगितलंही होतं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि कचेरीत कारकून होतो. वेळ संपायची वाट बघण्यासाठीच मला पगार मिळत असल्यामुळे त्यांचं म्हणणं मला काही समजलं नाही.

अशात माझ्यासाठी पेणहून स्थळ आलं. मुलगी, रिबेका, मुंबईत नर्स. वडील अब्राहमबापू, पेणच्या दवाखान्यातले निवृत्त कंपाउंडर. स्थळ आणणाऱ्या लेआमावशीनं जाता जाता आईच्या कानात बॉम्ब टाकला.

“सगळं चांगलं आहे. पण तंबाखू! बापूंचं नाक म्हणजे नाक नाही, पोलीस आहे. बाटलीचं बूच काढायच्या आत औषध ओळखायचे. दोन मुलं बघितली त्यांनी. दोघांचे हात हुंगले, आणि दोन्ही स्थळं मोडली!”

आमच्यात भेटल्यावर हातबोशी करतात. एकमेकांचे हात हातात घ्यायचे आणि मग आपलीच बोटं आपल्या ओठांना लावायची. बापू म्हणे ती बोटं ओठांवर न ठेवता थोडी वर, नाकापाशी ठेवत, आणि तिथंच मुलाचा निकाल लागे!

आईनं मंगळवारपासून युद्ध पुकारलं. पडदे धुतले. उशांचे अभ्रे धुतले. भिंती पुसल्या. मी चिरूट ओढत नाही हे तिला ठाऊक होतं (पंधराव्या वर्षी चोरून एकदा ओढला होता आणि चक्कर येऊन कोंबड्यांच्या खुराड्यावर पडलो होतो), तरी माझे हात तिनं साबणानं तीनदा धुवायला लावले आणि वर गुलाबपाणी चोळलं. चिरुटांचा पत्र्याचा डबा उचलून तांदळाच्या पिंपात खोल पुरला. आणि बाबांना सांगितलं, “या शुक्रवारी घाईचा नाही.”

“पाहुणे चारच्या मोटारीनं परत जाणार आहेत ना?” बाबांनी विचारलं.

“जाऊ देत नाहीतर राहू देत. मुलाचं लग्न मोठं की चिरूट?”

बाबा विचारात पडले. आईला ते आवडलं नाही.

पाहुणे शुक्रवारी बाराला यायचे होते. बारा वाजले, दोन वाजले, चारची मोटार सुटून गेली आणि पाहुण्यांचा पत्ता नाही. त्यांच्या मोटारीचा टायर कर्नाळ्याच्या खिंडीत बसला होता. पाच वाजता अंगभर धूळ घेऊन बापू आणि रिबेका दारात उभे! थंडीचे दिवस. सहाला सूर्य बुडणार, शब्बाथ लागणार, शब्बाथात प्रवास करायचा नाही. म्हणजे पाहुणे आता चार तासांचे नव्हते, रविवार सकाळपर्यंतचे होते. आई “या, या!” म्हणाली आणि तिचा चेहरा तांदळाच्या पिंपाकडे वळला.

बापू उंच, वाळके, पांढऱ्या भुवयांचे. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. मग बोटं स्वतःच्या तोंडाकडे नेली. बोटं ओठांपाशी आली, वर सरकली, आणि थांबली.

“गुलाबपाणी?”

“हो.”

“हाताला?”

“हो. म्हणजे… आवड आहे.”

रिबेकानं छताकडे बघितलं. छताला न पेटलेल्या हंडीखेरीज बघण्यासारखं काही नव्हतं.

चहा झाला. मी बाबांचा काळा गरम कोट घालून ताठ बसलो होतो. कोट बाबांच्या मापाचा होता, म्हणजे माझ्यासारखे दीड मावतील असा. बापूंनी खोलीभर नजर फिरवली, मग नाक फिरवलं, आणि ते हळूच म्हणाले, “घरात कुणी ओढतं वाटतं?”

आईचा कप बशीवर किणकिणला. बाबांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बाबांना खोटं बोलता येत नाही हे मला ठाऊक होतं, म्हणून मी त्यांच्या आधी बोललो.

“छे, छे! आमच्या घरात कुणीच ओढत नाही!”

बाबांनी उघडलेलं तोंड मिटलं. माझ्याकडे एकदा बघितलं. रागानं नव्हे, हिशेबात न बसलेल्या आकड्याकडे बघावं तसं.

“मग हा वास कसला?” बापूंनी विचारलं.

“कडुलिंबाची धुरी. डासांसाठी! खाडी जवळ ना.”

“अरे वा. मग आज नाही करायची?”

“करायची की! रोजच करतो!”

झालं. आईला उठून घमेल्यात निखारे घ्यावे लागले, परसातल्या कडुलिंबाचा ओला पाला त्यावर टाकावा लागला. दोन मिनिटांत असा धूर झाला की बापू मला दिसेनात आणि मी बापूंना दिसेना. सगळे डोळे पुसत होते. मुलगी सासरी जाताना रडायची पद्धत आहे. आमच्याकडे बघण्याच्या कार्यक्रमातच दोन्ही कुटुंबं धाय मोकलून रडत होती. त्या धुरातून मला रिबेकाचा आवाज आला, “रोज करता हे?” मी खोकल्यातून “रोज!” म्हणालो.

धूर जरा विरळ झाला तेव्हा बाबा जागेवर नव्हते.

मी परसात गेलो. बाबा विहिरीच्या कठड्याशी उभे होते. हातात घाईचा. आईनं डबा पुरायच्या आधीच एक काढून त्यांनी पायजम्याच्या नेफ्यात खोवला होता. पण काडेपेटी नव्हती. न पेटलेला चिरूट बोटांत धरून ते नुसते सूर्याकडे बघत होते.

“बाबा, आज नको. बापूंना वास येईल.”

“नाही पेटवत. नुसता धरलाय.”

मी उभा राहिलो. मग ते हसून म्हणाले, “तू म्हणालास, घरात कुणीच ओढत नाही. खोटंही म्हणता येत नाही त्याला. तो कुणीच म्हणजे मी.”

ते हे विनोदानं म्हणाले. पण मला ते लागलं. तीस वर्षं मिठाच्या उन्हात चालून ज्या माणसानं मला शिकवलं, कोट दिला, घर दिलं, त्याला मी एका नाकापायी ‘कुणीच नाही’ करून टाकलं होतं. त्या माणसाचा आठवडाभराचा हट्ट केवढा, तर करंगळीएवढा!

मी स्वयंपाकघरात गेलो, चुलीजवळची काडेपेटी उचलली, परत आलो आणि स्वतःच्या हातानं काडी ओढून धरली.

“दहा मिनिटं आहेत,” मी म्हणालो. “मी दारात लक्ष ठेवतो.”

बाबांनी एक झुरका घेतला. दुसरा घेतला. डोळे मिटले. आणि मागच्या दारातून बापूंचा आवाज आला, “अहो, इथे आहात होय! विहीर बघू म्हटलं तुमची!”

माझा मेंदू संकटकाळी फार वेगानं चालतो. कुठल्या दिशेनं चालतो हे मात्र त्याचं त्यालाही ठाऊक नसतं. मी बाबांच्या तोंडातला चिरूट उपटला आणि कोटाच्या खिशात टाकला. टाकण्याआधी विझवावा, ही साधी गोष्ट मला सुचली तेव्हा बापूंनी माझा दंड धरलेला होता आणि ते विचारत होते, “पाणी गोडं आहे का?”

“अतिशय गोडं.”

“उन्हाळ्यात आटतं?”

“हो. नाही. म्हणजे, आटतं पण गोडं असतं.”

तेवढ्यात आतून आईची हाक आली. “काडेपेटी कुठं गेली? अहो, सूर्य बुडतोय, दिवा लावायचाय! काडेपेटी कुणी घेतली?”

काडेपेटी त्याच खिशात होती.

आम्ही आत आलो. शब्बाथची वात चुलीतल्या विस्तवानं लावायची नाही, हा आईचा नेम. ती फडताळं उघडत होती, बंद करत होती. रिबेका तिच्याबरोबर शोधत होती. बापू सूर्य किती उरला ते खिडकीतून मोजत होते. मी हात खिशावर ठेवून पुतळ्यासारखा उभा होतो. घरच्या लक्ष्मीचा शब्बाथ काडीवाचून राहणार, तोही पाहुण्यांच्या देखत! शेवटी बाबा शांतपणे म्हणाले, “डेविडच्या खिशात बघ.”

मी खिशात हात घातला आणि काडेपेटी काढली. तिच्या मागोमाग धुराचं एक निळसर वेटोळं बाहेर आलं, माझ्या तोंडासमोर जरा रेंगाळलं आणि बापूंच्या दिशेनं निघून गेलं.

“खिशातून धूर येतोय,” बापू म्हणाले.

“कडुलिंब, बापू! कपड्यांत फार भरतो.”

आईनं काडी ओढली. वात लागली. हंडीतल्या पाण्यावर ज्योत उभी राहिली, आईनं डोळ्यांवर हात धरून आशीर्वाद म्हटला, आणि शब्बाथ लागला. आता पेटवणं बंद. आणि विझवणंही बंद!

उशीर झाल्यामुळे सिनेगॉगला जाणं शक्य नव्हतं, म्हणून घरीच प्रार्थना सुरू झाली. सगळे दिव्याकडे तोंड करून उभे राहिले. मी खिशावर तळवा दाबून धरला. खिशात माझा रुमालही होता हे मला आता आठवलं. बहुधा त्यालाही आता माझी आठवण येत असावी. अस्तर तापलं. मग तळवा तापला. माझ्या मनात धर्मशास्त्राचे फार सूक्ष्म प्रश्न उभे राहू लागले. आग शब्बाथच्या आधी लागलेली आहे, म्हणजे ती पेटवल्याचं पाप नाही. पण ती दाबणं म्हणजे विझवणं होतं का? नुसता हात ठेवणं म्हणजे दाबणं का? जीव वाचवायला सगळं चालतं म्हणतात, पण कारकुनाचा तळवा जिवात धरतात का? विचारायचं कुणाला? शेजारी बापू. त्यांना विचारलं तर प्रश्न सुटला असता आणि लग्न मोडलं असतं. मी आवाज वाढवला. बापूंनी एक डोळा उघडून माझ्याकडे कौतुकानं बघितलं. तरुण मुलगा इतक्या कळवळ्यानं प्रार्थना म्हणतो, हे दृश्य दुर्मीळच!

एवढ्यात मागच्या दारानं हिराबाई आली. हिराबाई शेजारच्या आळीतली आगरी बाई. दर शुक्रवारी दिवा लागला की येऊन चुलीवरचं भांडं उतरवायची आणि चूल झाकून जायची. आज येता येता तिनं विहिरीवरून कळशी भरून आणली होती. ती उंबऱ्यात थांबली.

“अगो बाय! नवरा जलतंय!”

कुणी हललं नाही. प्रार्थनेत मधे बोलायचं नसतं.

“अवं, कोट जलतंय त्याचा! कुनाला दिसत नाय का? सगली डोलं मिटून उबी!”

आणि तिनं अख्खी कळशी माझ्यावर उपडी केली.

मोठा ‘चर्र’ असा आवाज झाला. धूर आणि वाफ एकदम निघाली. मी नखशिखांत भिजलो. खिशाचं ओलं अस्तर फाटून खाली लोंबलं आणि त्यातून जमिनीवर, दिव्याच्या अगदी खाली, बापूंच्या पायापाशी, भिजून फुगलेला घाईचा पडला.

हिराबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, “तुमचा देव काय मानसाला जलू देतं का, काका?”

“नाही, हिराबाई,” बाबा म्हणाले. “म्हणून तर तो दर शुक्रवारी तुला पाठवतो.”

मग ते बापूंकडे वळले. “बापू, चिरूट माझा आहे. कोटही माझा आहे. मुलगाही माझाच आहे; पण त्याचं खोटं तेवढं त्याचं स्वतःचं आहे. ते माझ्या खात्यावर लावू नका.”

बापू वाकले. त्यांनी तो ओला चिरूट दोन बोटांत उचलला. आईनं डोळे मिटले. मीही मिटले. त्यांनी तो नाकाशी नेला.

“छोटा आहे,” बापू म्हणाले.

“हो. शुक्रवारचा,” बाबा म्हणाले. “वेळ थोडा असतो ना.”

“ठाऊक आहे मला.” बापू खुर्चीत बसले. “मीही हाच ओढायचो. दवाखान्यातून आलो की, दिवा लागायच्या आधी. रिबेकाची आई आतून विचारायची, ‘दिवा लावू का?’ मी म्हणायचो, ‘दोन झुरके थांब.’ दर शुक्रवारी हेच. ती गेली. तिच्यानंतरच्या शुक्रवारी मी नेहमीसारखा पेटवला आणि बसून राहिलो. कुणी विचारलंच नाही. चिरूट आपला संपला. मग सोडून दिला.”

माझ्या कोटातून पाणी ठिबकत होतं.

“पण मग…” आई कशीबशी म्हणाली, “ती दोन स्थळं? तुम्ही मुलांचे हात हुंगलेत आणि मोडलीत म्हणे?”

“ती होय? एकाला मुलीची नोकरी नको होती आणि दुसऱ्याला मुलीचा बाप नको होता. वासाचा काय संबंध?” बापूंनी चिरूट हळूच खिडकीत ठेवला. “हात हुंगतो, ती सवय झालीय. वाटतं, कधीतरी कुणाच्या तरी बोटांना तो वास येईल. तुमच्या मुलाच्या बोटांना गुलाबपाण्याचा आला.”

“आणि मी मंगळवारपासून पडदे धुतेय!” आई म्हणाली आणि मटकन खाली बसली.

माझ्या तळव्यावर रुपयाएवढा फोड आला होता. रिबेकानं पितळी परातीत गार पाणी ओतलं, माझं मनगट धरलं आणि हात पाण्यात बुडवला.

“किती वेळ ठेवायचा?” मी विचारलं.

“मी सांगेपर्यंत.”

थोड्या वेळानं तिनं विचारलं, “गुलाबपाणी खरंच आवडतं?”

“नाही.”

“कडुलिंबाची धुरी रोज करता?”

“आज पहिल्यांदाच.”

“विहिरीचं पाणी गोडं आहे? मघाशी आत ऐकू आलं.”

“मचूळ आहे.”

“बरं,” ती म्हणाली. तेवढंच. पण मनगट सोडलं नाही. मी हात बरा होऊ नये म्हणून मनातल्या मनात काय काय केलं, ते या वयात सांगणं बरं दिसत नाही.

त्या रात्री जेवताना आईच्या लक्षात आलं की भात पिंपातल्या तांदळांचा आहे, आणि पिंपात तीन दिवस चिरुटांचा डबा होता. ती बिचारी माफी मागायच्या तयारीत होती. बापूंनी मात्र तो भात तीनदा मागून घेतला आणि कालवणाला हातही लावला नाही.

रविवारी सकाळी आठला मोटार होती. बापूंना पेणला जायचं होतं, रिबेकाला नंतरच्या गाडीनं मुंबईला, ड्यूटीवर. निघायला पाव तास उरला असताना बाबांनी पिंपातून डबा खणून काढला, ओट्यावर आले आणि तो बापूंसमोर उघडून धरला. बापूंनी बराच वेळ बघितलं आणि एक घाईचा उचलला. दोघांनी एकाच काडीवर पेटवले. दोघंही रस्त्याकडे बघत बसले. मी सामानाची पिशवी घेऊन दारात थांबलो होतो, आणि आतून आईनं विचारलं, “अहो, चहा ओतू का?”

बाबा उत्तर देणार होते, पण त्यांच्या आधी बापू म्हणाले, “दोन झुरके थांबा, वहिनी.”

म्हणाले आणि त्यांचा त्यांनाच आवाज ऐकू आल्यासारखे गप्प झाले. बाबांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. ते चिरुटाच्या राखेकडे बघत राहिले. आईनंही मग पुन्हा विचारलं नाही. चहा चुलीवर उकळत राहिला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, बाबा मला वेळेविषयी जे सांगत होते ते कदाचित चिरुटाविषयी नसावंच.

पुढे दोन वर्षांनी बापू मोठ्या मुलाबरोबर बोटीनं इस्राएलला गेले. आमच्यातली कितीतरी घरं तेव्हा जात होती. शनिवारी सिनेगॉगमध्ये बाकं मोकळी दिसू लागली होती. तिथून बापूंची पत्रं येत. खडकाळ जमीन, नवी भाषा, स्वस्त संत्री यांच्याविषयी चार ओळी असत आणि बाकीचं पानभर, तिथे छोटे चिरूट मिळत नाहीत याविषयी. बाबा मग तिकडे निघालेल्या प्रत्येक कुटुंबाच्या सामानात एक डबा सरकवत. “पोचतील का?” मी विचारी. “पोचतील,” ते म्हणत. “पण घाईनं नाही.”

पण हे सगळं नंतरचं. त्या रविवारी बापू मोटारीत चढले आणि मी आणि रिबेका, तिची गाडी येईपर्यंत, स्टँडवर उभे राहिलो. माझ्या हाताला तिनं बांधलेली पट्टी होती. विचारायचं होतं ते विचारायला माझ्याजवळ पाच मिनिटंही नव्हती, आणि त्यातली चार मी हवापाण्यात घालवली. शेवटी गाडी लागली.

“तुमचं काय ठरलं?” मी एकदम विचारलं.

“शुक्रवारीच ठरलं. तुम्ही खिसा दाबून उभे होतात तेव्हा.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?”

“धूर दिसत होता. वास येत होता. तुमचा चेहरा तर सगळ्यांत आधी दिसत होता.” ती पायरीवर चढली. “एका संध्याकाळी तुम्ही पाचदा खोटं बोललात आणि पाचही वेळा पकडले गेलात. असा माणूस नवरा म्हणून फार सोयीचा.”

गाडी सुटली. मी भाजलेला हात हलवत राहिलो. आनंदानं मला जमीन दिसेना. रस्त्यात भेटेल त्याला मी सांगत सुटलो की मुलीनं हो म्हटलं, आणि वर माझी तोंडभरून स्तुतीही केली. घराच्या ओट्यापर्यंत पोचल्यावर बाबांनी विचारलं, “काय म्हणाली नेमकं?” मी शब्दन् शब्द सांगितला, आणि सांगता सांगता माझ्या पहिल्यांदा लक्षात आलं की तिनं मला चांगला म्हटलं नव्हतं, हुशार म्हटलं नव्हतं, देखणा तर नव्हतंच नव्हतं. सोयीचा म्हटलं होतं.